हिरव्या बादलीतल्या काड्या

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. आज हिरवी दिसते, पण हा रंग माझा नव्हे. तो मला मागाहून फासला, आणि त्याच्याच पायी एका सकाळी माझा जीव टांगणीला लागला होता.

सेबू शहरातल्या एका बेकरीत मी मार्गारीन भरून आले. ते संपल्यावर बेकरीवाल्याने मला रोवेनाच्या आईला देऊन टाकलं. तेव्हापासून माझी जागा म्हणजे डोंगरउतारावरच्या त्यांच्या गल्लीत, मागच्या दाराशी. काम एकच, घरातलं खरकटं सांभाळायचं. उरलासुरला भात, तांदळाचं धुवण, पपईची सालं, माशांची डोकी. आमच्याकडे त्याला लामाव म्हणतात आणि ते टाकाऊ समजत नाहीत. ते डुकराचं जेवण असतं. गल्लीच्या टोकाची मानांग उर्सिंग पहाटे ढकलगाडी घेऊन यायची, दारोदारच्या बादल्या रिकाम्या करायची आणि जाताना म्हणायची, "माझी पुती तुमच्यावर खूश आहे हो." वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे मानांग म्हणतात. पुती म्हणजे तिची पांढरी डुकरीण. मागच्या साथीत तिची बाकीची सगळी डुकरं गेली, ही एकटीच वाचली. हिच्या पिल्लांच्या जिवावर तिची नात जेसा नर्सिंग शिकत होती. आणि ज्या दिवसांची ही गोष्ट, तेव्हा पुती गाभण होती, पोट जमिनीला टेकायला आलेलं.

त्या वर्षी शहर कचेरीची माणसं आली. घरचा कचरा कसा वेगळा करायचा आणि कसा उचलायचा, हे त्यांना करून बघायचं होतं. खालच्या गल्लीत सगळं एका पिशवीत, वेगळं करायचं ते गाडीवर. आमच्या गल्लीत घरटी दोन बादल्या. सडतं ते हिरवीत, सडत नाही ते काळीत. जी रीत बरी चालेल तीच साऱ्या शहराला लावायची होती. गल्लीची जबाबदारी रोवेनाने घेतली. तिने हौसेने मला हिरवा रंग दिला आणि दारोदार फिरून शिकवू लागली. बायका तिला बघून दार लावून घ्यायच्या, इतकी ती पाठीमागे लागायची.

हिरव्या बादल्यांतलं सगळं कचेरीच्या खतखड्ड्यात जायचं. पण गाडी यायच्या आधी मानांग पहिल्यासारखीच येऊन जाई आणि तिला हवं ते नेई. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. सडणारं काय आणि डुकराने खायचं काय, एकच की! मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग गल्लीच्या रक्षक संताचा सण आला. रोवेनाचा नवरा बर्ट दारात काड्यांना टोचून निखाऱ्यावर मांस भाजत होता. पाहुणे खात होते, बर्ट रिकाम्या काड्या काळ्या बादलीत टाकत होता. रोवेनाने ते पाहिलं.

"अहो, हे काय चाललंय? बांबू आहे तो."

"मग?"

"बांबू सडतो की नाही?"

"सडतो गं, पण सणाच्या दिवशी तरी..."

"उद्या कचेरीच्या बाई बघायला येणार आहेत. काढा त्या, आणि हिरवीत टाका."

"जशी आज्ञा, कॅप्टनसाहेब," बर्ट म्हणाला आणि पाहुणे हसले.

काड्या लांब होत्या, झाकण बसेना. तेव्हा रोवेनानेच त्या मोडून बोटाएवढ्या केल्या, आणि वरून उरलेला भात ओतला. मी आतून पार शहारले. टोकदार टोकं माझ्या अंगाला लागत होती. मित्रांनो, बादलीला तोंड असतं, पण त्यातून शब्द फुटत नाही.

सकाळी मानांग आली. सणाचं खरकटं भरपूर होतं, म्हणून तिने मला अख्खीच उचलून गाडीवर ठेवलं. घरी गेल्यावर तिने सगळं मोठ्या कढईत ओतलं आणि उकळत ठेवलं. साथीपासून ती उकळल्याशिवाय काही देत नसे. वरून भात रटरटत होता, खालचं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, आता ढवळेल, आता दिसेल. पण इतक्या वर्षांत या गल्लीच्या लामावमध्ये कधी काही निघालं नव्हतं. कशाला तपासेल ती? थंड झाल्यावर तिने ते पुन्हा माझ्यात भरलं आणि गोठ्यात नेऊन डोणीत उपडं केलं.

पुतीने तोंड घातलं. कडाक्कन आवाज आला.

"हळू गं, माशाचं डोकं आहे," मानांग कौतुकाने म्हणाली.

दुसरा आवाज आला. पुती थांबली, मान झाडली, आणि तिच्या ओठातून रक्त आलं. गालातून काडीचं टोक बाहेर आलं होतं.

मानांग आत शिरली, पुतीचा जबडा धरला आणि हात घालून ती काडी ओढून काढली. मग पायाने डोण उलटी केली. चिखलात भात पसरला आणि काड्याच काड्या दिसू लागल्या. किती गिळल्या, कोणाला ठाऊक? पुती भिंतीशी जाऊन उभी राहिली. खायला नको, बसायला नको.

तेवढ्यात रोवेना मला न्यायला आली. बरोबर कचेरीच्या बाई होत्या. रोवेनाने चिखल पाहिला आणि जागच्या जागी थिजली.

"या तुझ्या घरच्या का गं, इंदाय?" मानांगने विचारलं. इंदाय म्हणजे पोरी. आवाज अगदी खाली होता.

कचेरीच्या बाई दोघींकडे पाहत होत्या. नाही म्हणाली असती, तर खपून गेलं असतं. सण तर घरोघर झाला होता.

"माझ्याच," रोवेना म्हणाली. "मीच मोडून टाकल्या, मानांग. नियमाप्रमाणे."

 मानांगने पुतीच्या पोटावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

तो दिवस वैऱ्यावरही यायला नको. गुरांचे डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, वाट बघा. जेसा कॉलेज बुडवून घरी आली आणि गोठ्याच्या दाराशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुती थोडं पाणी प्यायली. मग हळूहळू पातळ पेज. ती वाचली, मित्रांनो, आणि तिची पिल्लंही वाचली. कचेरीने गल्लीत तिसरी बादली दिली, काड्या आणि बाकीच्या खतासाठी; हिरवी फक्त डुकराच्या जेवणाची. सगळ्यांनी वाहवा केली.

पण मानांग यायची थांबली. पहाटे ढकलगाडी घेऊन ती गल्लीतून जायची आणि कोणाच्या बादलीकडे न बघता दूरच्या बाजारातल्या खाणावळींकडे निघायची. बादल्या भरलेल्या तशाच राहायच्या. तिच्या गाडीचं चाक दारावरून पुढे गेलं की रोवेना दाराआड उभी राहून ऐकायची. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

मग एका पहाटे रोवेनाने मला रस्त्याच्या मधोमध आणून ठेवलं. मानांगची गाडी अडली. रोवेनाने बाही वर सारली, उघडा हात कोपरापर्यंत माझ्यात घातला आणि तळापासून काठापर्यंत सगळं चाचपलं. माशाची डोकी, चिकट भात, सालं. आंबूस वास गल्लीभर सुटला. मग रिकामा हात वर करून दाखवला. बोटांवरून धुवण ठिबकत होतं.

"उद्याही असाच घालशील का?" मानांगने विचारलं.

"रोज घालीन."

आज ती रोज घालते. आता घरोघरच्या बायकाही घालतात. म्हणून मित्रांनो, तुमच्याही घरी बादल्या येतील, रंग येतील, नियम येतील. ते पाळा. पण झाकण लावण्याआधी एकदा विचारा, की हे पुढे कोणाच्या तोंडात जाणार आहे. आणि उत्तर ठाऊक नसेल, तर आधी स्वतःचा हात आत घाला.