वांग्याच्या वाफ्यातली अकरा रोपं

मी खुरपं बोलतोय. शाळेतल्या बाई म्हणतील, ‘बोलतंय’ म्हणावं. म्हणोत बापड्या. चाळीस वर्षं मातीत तोंड खुपसून काम केलंय, म्हणून मी स्वतःला बाप्या माणूसच समजत आलोय. तोंड वाकडं, स्वभावही थोडा तसाच. पण आज ऐट मिरवायला बोलत नाही. माझ्या पात्याखाली एक मोठी चूक झालीय, आणि ती सांगितल्याशिवाय मला धड गंजताही येणार नाही.

मी मुळात एका ट्रकच्या कमानीचा पाटा. चोपड्याच्या आठवडे बाजारात झुलाल लोहार भाता मांडून बसायचा. त्याने मला तापवून, ठोकून, मान वाकवून बाभळीच्या मुठीत बसवलं. भाईदास पाटलांनी मला उचललं, अंगठ्यावर धार पाहिली आणि घरी नेऊन बायकोच्या हातात दिलं. ती सुनंदाबाई. तेव्हा एकतिशीची होती आणि तिच्या कडेवर हितेंद्र होता.

त्या हाताची आणि माझी जी जोडी जमली ती जमलीच. कपाशीत निंदणीला बायांची रांग लागायची, त्यात सुनंदाबाई सगळ्यांच्या दोन हात पुढे. मान वर न करता गप्पा मारायची, आणि तिच्या मागे केना, हराळी, लव्हाळा असा सगळा गोतावळा आडवा पडलेला असायचा. पीक कोणतं नि तण कोणतं हे तिला मातीतून दोन पानं वर येताच कळायचं. ‘तण खाई धन’ असं म्हणतात. आम्ही दोघांनी कधी खाऊ दिलं नाही.

मग गुडघे गेले. शेत पुतण्याला कसायला दिलं आणि दोघं नवरा-बायको गावाबाहेरच्या कॉलनीत, हितेंद्रने बांधलेल्या घरात राहायला आले. घरापुढे मोकळं अंगण. चार वर्षांपूर्वी भाईदास आबा वारले. हितेंद्र जळगावला नोकरीत. सुनंदाबाईपाशी उरलो मी, ते अंगण आणि एक पुडी.

पुडीत बी होतं, भरताच्या हिरव्या वांग्याचं. ते तिच्या माहेरून आलेलं. दरवर्षी एक वांगं झाडावर पिवळं पडेपर्यंत राखायचं, त्याचं बी धुऊन राखेत घोळवायचं आणि निम्मं पुडीत ठेवून निम्मं पेरायचं. चातुर्मासभर या घरात वांगं शिजत नाही. चंपाषष्ठीला कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर घरची वांगी भाजायची, खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, तळी उचलायची आणि मगच तोंडात घास. सासूबाईंपासून चालत आलेलं.

गेल्या वैशाखात हितेंद्र आणि सूनबाई कामिनी आले, तेव्हा अंगणात गाजरगवत गुडघाभर माजलं होतं. सुनंदाबाई आता पाटावर बसून निंदते. पाट पुढे सरकवायचा, मग स्वतः सरकायचं. उठताना मला जमिनीत रोवायचं आणि माझ्या मुठीवर भार द्यायचा. एका सकाळी दोन पाटांएवढी जागा होते. आणि गवत थोडंच तिची वाट पाहत थांबतं.

“आई, परवा शेजारच्या प्लॉटमध्ये साप निघाला म्हणे,” कामिनी म्हणाली. “तुम्ही एकट्या. पडलात तर कळणार कुणाला?”

“पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ,” हितेंद्र म्हणाला. “एकदाची कटकट जाईल. मलाही गाडी आत लावता येईल.”

कटकट म्हणजे मी, हे न कळण्याएवढा मी बोथट नाही.

सुनंदाबाई पाटावरून उठली नाही. म्हणाली, “हितू, आयक. चंपाषष्ठीले घरना वांगासनं भरीत व्हयनं, तर आंगन मनं. नही व्हयनं, तर तुना मनमा येई ते कर.”

हितेंद्र हसला. आई आणि वांगी, ती हरण्याचा प्रश्नच नव्हता. भरीत झालं तर अंगण आईचं, हे त्याने कबूल केलं.

आता एक गोष्ट जी तेव्हा फक्त तिला आणि मला ठाऊक होती. सुनंदाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. मला कसं कळलं? ती जिथे बघायची तिथे मी पडायचो नाही. चार बोटं अलीकडे, नाहीतर पलीकडे. शुगरमुळे बोटांची टोकंही बधिर झाली होती. पूर्वी न बघता नुसत्या स्पर्शाने ती रोप ओळखायची, तेही गेलं. पण बोलणार कोण? डोळे गेले म्हटलं की अंगण गेलं, हा हिशेब तिने मनात पक्का बांधला होता. फोनवर हितेंद्रने विचारलं की म्हणायची, “बठ्ठं चांगलं शे.” सगळं छान.

जूनमध्ये तिने कोपऱ्यात रोपांचा वाफा केला, शेणखत टाकलं. पुडी उघडली आणि निम्मं बी मागे ठेवायच्या बेतात पुडी बधिर बोटांतून निसटली. सगळं बी वाफ्यात सांडलं. वेचायला दिसतंय कुणाला? तिने वर माती ओढली आणि खंडोबाचं नाव घेतलं.

पाणी पडलं, वाफा हिरवा झाला. खतातून आलेलं गवतही वर आलं. सुनंदाबाई पाट घेऊन बसली, मला हातात धरलं आणि निंदायला लागली.

पात्याला कळतं. वांग्याच्या कोवळ्या देठात एक चिवटपणा असतो आणि धोत्र्याचा देठ पचकन तुटतो. पानं लहानपणी सारखीच दिसतात, म्हणून तर घोळ होतो. त्या सकाळी माझ्याखाली एकामागून एक चिवट देठ येत होते. मला कळत होतं. अगं, थांब, हे आपलं आहे. पण खुरप्याला तोंड असलं तरी वाचा कुठे असते? हात नेईल तिकडे जायचं. मी तिचं माहेर कापत होतो आणि ती समाधानाने गुणगुणत होती. चाळीस वर्षांत मला माझ्या धारेची लाज वाटली ती त्या दिवशी.

वाफ्यात उरली ती खतातून आलेली धोत्र्याची रोपं, जोमदार, रुंद पानांची. तिने त्यांतली अकरा निवडली आणि आषाढात ओळीने लावली. रोज तांब्याने पाणी. काडीचा आधार. दर आठ दिवसांनी मी त्यांच्या बुंध्याशी माती भुसभुशीत करायचो आणि मनात स्वतःला शिव्या द्यायचो.

“औंदा रोपे कशी जोरमा शेतस, पाह्य,” ती शेजारच्या भिकुबाईला कुंपणावरून सांगायची. भिकुबाई लांबूनच मान डोलवायची. तिच्याकडेही याच बियाची दोन झाडं होती. फार वर्षांपूर्वी सुनंदाबाईनेच चिमूटभर बी दिलं होतं.

भाद्रपदात एका संध्याकाळी भिकुबाई विरजण मागायला आत आली. अकरा झाडांवर पांढरी, लांब, कर्ण्यासारखी फुलं उभी होती. वांग्याचं फूल जांभळं आणि मान खाली घातलेलं असतं. भिकुबाई वाटी हातात घेऊन एका फुलापाशी वाकली.

“आक्का,” ती हळूच म्हणाली, “हाई वांगं नही व. हाऊ तर धोत्रा शे.”

सुनंदाबाई चाचपडत पहिल्या झाडापाशी गेली, एक पान चुरगळून नाकाशी धरलं. हे ती जूनमध्येही करू शकली असती. पण बघताक्षणी ओळखणारी बाई पान कशाला हुंगेल? वास नाकात गेला आणि ती पाटावर बसली. पाट उलटा होता, तेही तिला दिसलं नाही.

“बठ्ठा?” तिने विचारलं.

“बठ्ठा.”

“तुना भाऊले नको सांगजो.” म्हणजे हितेंद्रला.

“मी कसाले सांगू,” भिकुबाई म्हणाली. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, “फुले सोमवारले महादेवले वाही दे. वाया नही जावाव.”

फुलं महादेवाला वाहिली. झाडं तिने मंगळवारी कापली, माझ्याच हातून. अकराच्या अकरा. या वेळी देठ पचापच तुटत होते आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पात्यावर पडत होतं. मोतीबिंदूला रडायची बंदी नसते.

चंपाषष्ठीच्या सकाळी भिकुबाई पदराआड तीन वांगी घेऊन आली. हिरवीगार, वर पांढरे पट्टे. “तुनंच बी शे आक्का. आठेनंच शे म्हनी सांग. कोन इचारस?”

खरं होतं. इथलीच म्हटली तर कोण विचारणार होतं? बी तिचंच, वांगं तसंच. अंगण वाचलं असतं. सुनंदाबाईने ती वांगी मांडीवर घेतली आणि बराच वेळ त्यांवरून हात फिरवत राहिली. मी ओट्याच्या कडेला पडलो होतो. मला वाटत होतं, सांग खोटं. एवढ्याशा खोट्याने खंडोबा काय रागावतो?

दुपारी हितेंद्र-कामिनी जळगावहून आले, भरीत झालं, नैवेद्य झाला, तळी उचलली. हितेंद्रने पहिला घास घेतला आणि मान हलवली. “तेच गं आई. जिंकलीस तू.”

कामिनीही हसत होती, खरं सांगतो, मनापासून हसत होती.

“हाई भिकुबाईना आंगननं शे,” सुनंदाबाई म्हणाली. “मनं वांगं मी मनाच हाते निंदी टाकं. धोत्राले पानी घालं चार महिना.” आणि मग खूप हळू, “माले दिखस नही, हितू.”

हितेंद्रचा घास हातात राहिला. “कधीपासून?”

कामिनी उठून तिच्याजवळ बसली आणि तिच्या डोळ्यांपुढे बोटं धरून विचारू लागली, किती? सुनंदाबाई अंदाजाने आकडे सांगत होती. सगळे चुकत होते.

गोष्टीत असतं तसं पुढे झालं नाही. हितेंद्र विरघळला, पण अंगणाबाबत नाही. उलट त्याची भीती वाढली. “आता तर करावंच लागेल आई. न दिसता गवतात बसायचीस तू?” त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती, म्हणूनच कुणाला भांडता आलं नाही. आठ दिवसांत ट्रॅक्टरभर ब्लॉक आले. वाफ्याच्या जागी खडीची कच पडली, वर लाल-करड्या फरशा. मला पत्र्याच्या डब्यात, जुन्या नळाच्या तोट्यांबरोबर टाकलं. जानेवारीत जळगावला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं.

ती परत आली तेव्हा भिकुबाईने एक पिवळं पडलेलं वांगं दिलं. सुनंदाबाईने नळापाशी बसून बी धुतलं आणि नव्या पुडीत भरलं. पेरायचं कुठे, ते दोघींपैकी कुणी बोललं नाही. धुतलेलं पाणी फरशीवरून फाटकाकडे वाहत गेलं.

परवा तिने डबा उघडला. फरश्यांच्या सांध्यांतून हराळी वर आली होती. गवताला फरशी कधी अडवते? मला हसू आलं. सुनंदाबाई पाट घेऊन बसली आणि सांधे खरवडू लागली. झिजून झिजून माझं पातं इतकं अरुंद झालंय की फटीत नेमकं बसतं. आणि मी बरोबर तिथेच पडत होतो जिथे ती बघत होती. किती वर्षांनी!

फाटकाजवळच्या फटीत एक चिमुकलं रोप होतं. दोन पानं गळायला आलेली, दोन नवी. मी त्याच्या देठाला टेकलो. चिवट.

हात थांबला.

तिने चष्मा वर केला आणि खाली वाकली. पान चुरगळलं नाही, हुंगलं नाही. नुसतं पाहिलं. मग मला रोपाच्या शेजारी फटीत उभं रोवलं, खूण म्हणून, आणि माझ्या मुठीवर भार देऊन उठली.

तेव्हापासून मी इथे उभा आहे. काम काही नाही, फक्त उभं राहायचं. भिकुबाई म्हणाली, हितेंद्रला फोन करून सांग. सुनंदाबाई म्हणाली, “त्याले दिखी.” दिसेल का? मला भरवसा नाही. डोळे चांगले असलेल्या माणसांनाही गवत नि रोप सारखंच दिसतं, हे मी पाहिलंय. आणि ही जागा बरोबर त्याच्या डाव्या चाकाची आहे.

हितेंद्रा, तुझ्या आईने चाळीस वर्षांत एकदाच चूक केली, आणि ती तुला सांगितली. मी तिच्या चुकीतला साथीदार, माझं ऐकायला तू बांधील नाहीस. तरी सांगतो. रविवारी येशील तेव्हा गाडी जरा अलीकडे लाव.