घरचं नाणं

लुएलानं नाण्यावर फुंकर घातली, बोटाच्या टोकानं त्याची कड चाचपली, आणि बोटाला हिरवा डाग लागलेला पाहून पुन्हा फुंकर घातली. हॉटेलच्या मागच्या पायरीवर ती बसली होती. मांडीवर शिळं वर्तमानपत्र, शेजारी घराच्या खिडक्यांना लावून उरलेल्या रंगाचा डबा. पाच सेंटच्या त्या नाण्याला रंगाचा हा दुसरा हात. पहिला मे महिन्यात दिला होता, तो येऊन-जाऊन पार झिजला होता.

"वाळलं का गं?" आतून गसीमावशीनं विचारलं. "की वाळत घालू दोरीवर?"

गसीमावशी तशी कुणाचीच मावशी नव्हती, पण ओहायो नदीकाठच्या त्या कपबशांच्या गावात सगळे तिला मावशीच म्हणत. कारखान्याच्या फाटकासमोर तिचं हॉटेल होतं. भोंगा झाला की चिनी मातीनं पांढरे झालेले हात घेऊन माणसं आत शिरत, आणि बसायच्या आधी ज्यूकबॉक्सकडे, नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेटीकडे, बघत.

त्या वर्षी गाणी लिहिणाऱ्यांच्या हाती कुणीतरी रंगपेटी दिली असावी. रेडिओ लावावा तर निळा दिवा, पिवळी आगबोट, जांभळी टोपी. रंगाशिवाय गाणं खपत नाही असंच सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. गिऱ्हाइकं तर गाण्याचं नावही पुरतं घेत नसत. "निळं लाव." "आता पिवळं होऊ दे." नवख्याला वाटावं, ही मंडळी कापडाच्या दुकानात आली आहेत.

पेटी मुकी असली की गिऱ्हाईकही मुकं बसतं, हा मावशीचा अनुभव. म्हणून तिनं थोडी नाणी नखांना लावायच्या लाल रंगानं रंगवून ठेवली होती. सकाळी मावशीकडे कामाला असलेल्या लुएलानं ती पेटीत टाकायची, दोन-चार गाणी वाजवायची, मग लोकांचे हात आपोआप खिशात जात. दर गुरुवारी पेटीवाला येई, पेटी उघडे, लाल नाणी निवडून मावशीला परत देई आणि उरलेल्यांची त्याची कंपनी आणि मावशी यांच्यात वाटणी करी. नदीकाठच्या सगळ्या हॉटेलांत हीच रीत होती. लाल म्हणजे घरचं. लाल नाणं कितीही भटकलं तरी शेवटी घरी येतं, असं मावशी म्हणे, आणि नवरा गेल्यापासून हे वाक्य ती जरा जास्तच वेळा म्हणे.

पेटीवाला म्हणजे मर्ल पिकेट. चाळिशीचा, ताडमाड उंच, दार पुरेसं उंच असलं तरी वाकून आत येणारा. आईच्या मागं शेतावरच्या घरात एकटाच राहायचा. झिजलेल्या तबकड्या काढायच्या, नव्या घालायच्या, कॉफी प्यायची, जेली खायची आणि पुढच्या गावाला जायचं, असा त्याचा गुरुवार. मे महिन्यात त्यानं 'हिरवा रुमाल' नावाचं गाणं पेटीत घातलं, ते उभ्यानं पुरतं ऐकलं आणि लुएलाला म्हणाला की बाकी काहीही काढीन, हे हिरवं मात्र इथून हलवायचा नाही.

एवढ्याशा बोलण्यावर लुएलानं मनात माड्यांवर माड्या चढवल्या. बाकी बाबतीत बाई शहाणी. चौतिशीची, आजारी वडिलांचं सगळं एकटीनं निभावलेली, उधळपट्टी ठाऊक नसलेली. पण त्या दिवसापासून दर गुरुवारी मर्ल यायच्या जरा आधी ती 'हिरवा रुमाल' लावू लागली. त्यासाठी मावशीचं लाल नाणं वापरणं तिला पटेना. दुसऱ्याच्या वाणावर आपली संक्रांत कशाला? तिनं स्वतःचं नाणं घेतलं आणि गाण्याला शोभेल असं हिरवं रंगवलं. सगळ्यात शेवटी टाकलेलं ते नाणं पेटी उघडली की ढिगाच्या माथ्यावर दिसणार होतं. दिसलं की तो ओळखणार होता. ओळखलं की काहीतरी बोलणार होता.

मर्लनं ते उचललं, अंगठ्यानं चोळलं, लाल नाण्यांत टाकलं आणि तो ढीग मावशीपुढे सरकवला. पहिल्या गुरुवारी असं झालं, दुसऱ्या गुरुवारी तसंच झालं, आणि मग ते नाणं आहेरातल्या पातेल्यासारखं फिरतच राहिलं. त्यानं मावशीला द्यायचं, मावशीनं निवडून लुएलाला.

"सरळ तोंडानं 'नाही' म्हणवत नाही बिचाऱ्याला," मावशी म्हणाली होती.

आचारी क्लाइड तर टपूनच असे. त्याचं म्हणणं, पुलाजवळच्या सिग्नललासुद्धा मागून कुणी हॉर्न वाजवल्याशिवाय जो गडी हलत नाही, तो हिच्या नाण्यानं काय हलणार.

शनिवारी आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये नाच होता. बाईनं आपण होऊन पुरुषाला विचारायची त्या गावात पद्धत नव्हती, आणि लुएलाला मोडायचीही नव्हती. आज नाणं परत आलं तर विषय संपला, असं तिनं सकाळीच मावशीला सांगून टाकलं होतं. शनिवारी ती घरी बसून पडदे शिवणार होती.

दुपारचा भोंगा झाला, हॉटेल रिकामं झालं. तिनं नाणं पेटीत टाकलं. गाणं संपतं न संपतं तोच मर्लची गाडी दारात आली.

त्यानं पेटी उघडली. हिरवं नाणं अगदी माथ्यावर होतं. काउंटरपाशी उभ्या लुएलालाही ते दिसलं. मर्लनं ते उचललं. या वेळी अंगठा जरा जास्त वेळ फिरवला. मग त्यानं ते लाल नाण्यांत टाकलं, आणि ढीग मावशीपुढे सरकवला.

मावशीनं लुएलाकडे बघितलंच नाही. ते जास्त लागलं.

मर्ल नेहमीच्या स्टुलावर बसला आणि नेहमीसारखी कॉफी आणि स्ट्रॉबेरीची जेली मागितली. लुएलानं फ्रिज उघडला. आत दोन ट्रे होते, एक लाल स्ट्रॉबेरीचा, एक हिरवा लिंबाचा. तिला राग आला होता, आणि राग आला की ती बोलत नसे, करत असे. हिरवं बघायचंच नाही ना तुला, मग खा. तिनं हिरव्या जेलीची वाटी त्याच्यापुढे आपटली.

मर्लनं वाटी थोडी फिरवली. त्याला काहीतरी बोलायचं असलं आणि सुचत नसलं की तो असलंच काहीतरी बोले.

"आज रंग मस्त उतरलाय. लालचुटूक."

लुएलाचा फडकं फिरवणारा हात थांबला.

त्यानं चमचा तोंडात घातला आणि तोही थांबला. वाटीत बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा वाटीत. त्याचे कान लाल होत गेलेले तिला स्पष्ट दिसले.

"ही स्ट्रॉबेरी नाही," तो हळूच म्हणाला.

"नाही. लिंबाची आहे. हिरवी."

ती हसली नाही. मावशीपुढच्या ढिगातून तिनं दोन नाणी उचलली आणि त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवली. एक लाल, एक हिरवं.

"या दोन्हींत फरक काय, सांगा."

त्यानं दोन्हींवरून अंगठा फिरवला. "यावर रंग जाड बसलाय. अजून चिकट लागतोय."

"आणि रंग कोणता?"

स्वयंपाकघरात क्लाइड भांडी आपटत होता, त्याचा अंदाज घेऊन मर्ल पुढे झुकला.

"कुणाला सांगू नका. कंपनीला कळलं तर गाडी काढून घेतील. मला दोन्ही सारखीच दिसतात, चिखलाच्या रंगाची. सिग्नलला वरचा दिवा थांबा, खालचा चला, एवढं पाठ करून ठेवलंय. तुमच्या गावात मेल्यांनी तो आडवा टांगलाय."

आता मात्र लुएलाला हसू फुटलं. त्यालाही फुटलं, आणि दोघंही बराच वेळ सावरेनात. मावशी गल्ल्यामागे उगाचच पावाची फडकी घडी करून ठेवत होती.

"आणि दिवसभर रंगांची गाणी वाटत हिंडता," लुएला म्हणाली.

"गाण्यातला रंग ऐकायचा असतो ना." मर्ल चमच्याकडे बघत बोलला. "तिथं मी कुणापेक्षा कमी नाही. 'हिरवा रुमाल' ऐकला की मला तो दिसतो. कसा दिसतो ते विचारू नका. पण दिसतो."

लुएलाला एकदम भरून आलं. महिनोन्‌महिने ती या माणसाला एकाच रंगानं हाका मारत होती, आणि नेमका तोच रंग त्याला ऐकूच येत नव्हता. तिनं जाड रंगाचं नाणं बोटानं त्याच्याकडे सरकवलं.

"हे हिरवं आहे. घरचं नाही, माझं आहे. मे महिन्यापासून तुम्ही ते मावशीला देताय."

मर्ल नाण्याकडे बघत राहिला. बघता बघता सगळे गुरुवार त्याच्या तोंडावरून एकेक करून जाताना दिसले. मग त्यानं नाणं सदऱ्याच्या खिशात घातलं, खिशाचं बटण लावलं, जेली शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्ली, आणि टोपी उलटी घालून निघून गेला. शनिवारबद्दल अवाक्षर नाही.

"नाणं घेऊन गेला?" मावशीनं विचारलं.

"माझंच होतं."

"मग ठीक," मावशी म्हणाली.

शुक्रवार आला तसा गेला. पडद्याचं कापड लुएलानं कपाटातून काढलं आणि परत ठेवलं. आपण त्याचं गुपित काढून घेतलं, तो आता या वाटेला फिरकायचा नाही, असं तिला एकदा वाटे. आणि लगेच खिशाचं बटण आठवे.

शनिवारी दुपारी पगाराची गर्दी होती. पेटीसमोर रांग लागलेली, कुणी निळं मागत होतं, कुणी जांभळं. तेवढ्यात दारात वाकून मर्ल आत आला. वार त्याचा नव्हता. अंगात कोट होता, केस पाणी लावून बसवलेले, आणि कोटाच्या बाहीला रंगाचा एक ओरखडा. गर्दीतून वाट काढत तो सरळ काउंटरपाशी आला आणि त्यानं एक नाणं लुएलापुढे ठेवलं.

"तुमचं माझ्याकडे राहिलं, म्हणून हे," तो म्हणाला. बोलणं पाठ करून आलेला दिसत होता. "आमच्या शेडमध्ये दोन डबे आहेत, एक कोठाराच्या रंगाचा, एक खिडक्यांच्या. मी खिडक्यांचा उघडला. विचारणार कुणाला? तुमच्याशिवाय कुणाला माहीतच नाही. हिरवं आहे ना?"

नाणं लालभडक होतं. गावाबाहेर पडलं की शेताशेतात जी लाकडी कोठारं दिसतात, त्यांच्यावर असतो तो लाल, त्यात तसूभर फरक नाही.

काउंटरवर बसलेली माणसं जन्मभर कपांना रंग चढवत आलेली. सगळ्यांनी ते नाणं बघितलं आणि सगळ्यांनी एकदमच आपापल्या सूपमध्ये डोकं घातलं. क्लाइड तेवढा स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकला. "अरे बाबा, हे तर—" तो म्हणाला, आणि मावशीनं त्याच्या तोंडात लोणच्याची अख्खी काकडी कोंबली.

लुएलानं नाणं उचललं. उजेडाकडे धरून नीट बघितलं, दोन्ही बाजूंनी.

"हिरवंच आहे," ती म्हणाली. "हिरवंगार. बस ना तू."

'तू' म्हटलेलं सगळ्या काउंटरनं ऐकलं. मर्ल बसला नाही.

"आज संध्याकाळी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये—"

"सातला ये. दार वाजव, हॉर्न नको."

मग रांगेतल्या कुणाला काही न विचारता ती पेटीकडे गेली. माणसांनी बाजूला सरून वाट दिली. नाणं खळ्ळकन आत पडलं, आतला हात फिरला, तबकडी बसली आणि 'हिरवा रुमाल' सुरू झालं. मर्ल काउंटरला टेकून डोळे मिटून ऐकत होता. काय दिसत होतं त्याचं त्याला ठाऊक, पण चेहऱ्यावरून भलतंच छान दिसत असावं.

क्लाइडनं काकडी कशीबशी गिळली.

"मावशी, ते लाल होतं."

"मला डोळे आहेत."

"गुरुवारी तो पेटी उघडणार आणि तुझ्याच ढिगात टाकणार. म्हणजे फुकटचं एक नाणं तुला."

"मला कशाला?" मावशी म्हणाली. "लाल नाणं कुणाचं असतं?"

"घरचं."

"मग झालं तर. ज्यांचं घर होईल त्यांना देईन," असं म्हणून ती पाव करपले की काय ते बघायला आत गेली.