भिंतीकडची जास्वंद

ताईने खुरपं लावलंच नव्हतं. दोन बोटांत धरून जरासं ओढलं, तर भिंतीकडच्या जास्वंदीचं रोप सगळंच हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत. तिने ती नाकाशी नेली. कुजलेल्या मुळांचा वास तिच्या ओळखीचा होता. हा तो नव्हता. हा गोडसर होता, औषधाच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा.

"हेही गेलं?" साहेब मागे येऊन उभे होते.

"तिसरी खेप ही. साठच्या साठ गेली."

"पाणी जास्त होतंय तुमचं."

कारखान्याच्या बागेत ताईला बावीस वर्षं झाली होती आणि तिचं पाणी जास्त होतं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. साहेब तसे वाईट नव्हते. फक्त झाडांतलं त्यांना एवढंच कळायचं, की हिरवं ते जिवंत.

तिला सगळा कारखानाच ताई म्हणायचा. तिचा धाकटा भाऊ त्याच भिंतीपलीकडच्या पंपघरात कामाला होता; तो मारायचा ती हाक सगळ्यांनी उचलली. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि अजूनही दोघं एकाच घरात राहत होती.

काड्या लावण्यात मात्र तिचा हात कुणी धरला नसता. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यायची, पेराखाली तिरका काप द्यायचा, खालची पानं काढायची, वरची अर्धी कातरायची, ओल्या वाळूत खोचून वर प्लास्टिक टाकायचं. महिन्याभराने हलकेच ओढून बघायचं. काडी मागे खेचते असं वाटलं, की मुळं धरली. शंभरातल्या नव्वद तरी धरायच्या. ताईने झाडूची काडी खोचली तरी तिला पानं फुटतील, असं गेटवरचा पहारेकरी म्हणायचा.

म्हणून तिसऱ्या खेपेनंतर तिने एक केलं. एकाच झाडाच्या काड्यांची बारा रोपं घेतली. चार गेटजवळ लावली, चार कॅन्टीनमागे, चार भिंतीकडे. माती एक, झारी एक, पाणीही ती स्वतःच घालायची. नवव्या दिवशी भिंतीकडच्या चारही रोपांनी माना टाकल्या. बाकीची आठ टवटवीत होती. भिंतीकडची माती उकरताना तिच्या लक्षात आलं, की त्या ओल्या मातीत एक मुंगी नव्हती, गांडूळ नव्हतं, काहीच नव्हतं.

तिन्ही ठिकाणचं एकेक रोप घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली.

"पलीकडून काहीतरी झिरपतंय, साहेब."

साहेबांनी आधी उठून दार लावलं.

"ताई, तुम्ही बाग बघा. पलीकडचं पलीकडचे बघतील. दोन महिन्यांवर तपासणी आली आहे. भिंत हिरवी दिसली पाहिजे, बस्स. कुंड्यांत लावा, कुंड्या जमिनीत पुरा. वाळली की बदला. तुमच्या हाताला काय कमी आहे?"

ताईने ते केलं. दर सोमवारी सकाळी, रोपांनी माना टाकायच्या आतच कुंड्या उपसायच्या, ताज्या पुरायच्या, वर माती सारखी करायची. इतकी रोपं एकसारखी तयार होतात याचा तिला थोडा अभिमानही वाटला, हे नाकारण्यात अर्थ नाही. भिंत हिरवीगार दिसू लागली. फुलंही आली. आता कुणी काही विचारत नव्हतं.

भावाचा खोकला त्याच सुमारास वाढला. आधी तो धूळ आहे म्हणाला, मग हवा बदलली म्हणाला. मग एका संध्याकाळी तो जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेला तिला दिसला. कठड्याला धरून, तोंड उघडं टाकून.

तिने त्याला आत आणलं, पाणी दिलं.

"तिकडे काय सांडतं रे?"

"सांडत नाही गं. रसायनाची जुनी टाकी आहे, थोडी पाझरते. आम्ही वर कळवलं होतं." त्याने दम घेतला. "एक इंजिनियर आले बघायला. भिंतीवरून वाकून बघितलं तुझ्या बाजूला. म्हणाले, गळती असती तर झाडं अशी राहिली असती का? आणि गेले." तो हसला. "तुझ्या हाताला गुण आहे ना, त्याला ते तरी काय करणार?"

ताईने रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला. त्याला सांगावं असं ओठांपर्यंत आलं. पण ती पेला विसळायला आत गेली.

पुढच्या सोमवारी तिने कुंड्या बदलल्या नाहीत. गुरुवारी तपासणी होती. त्या सकाळी साहेब जवळजवळ धावतच आले.

"हे काय करून ठेवलंय? तासाभरात माणसं येतील! शेडची चावी द्या."

शेडमध्ये शंभर रोपं तयार होती. चावी ताईच्या मुठीत होती.

"नाही देत, साहेब."

"ताई, भलतंसलतं करू नका. तुमचा भाऊपण इथेच आहे कामाला."

"म्हणूनच नाही देत."

तपासणीला आलेल्या बाई उंच होत्या आणि भराभर चालत होत्या. भिंतीपाशी मात्र थांबल्या. साठ रोपं काळपट पडून वाकली होती.

"यांना काय झालं?"

"ऊन फार आहे ना इकडे," साहेब म्हणाले.

"ऊन सगळीकडेच आहे," ताई म्हणाली. "इथे लावलेलं नवव्या दिवशी मरतं. मी दर आठवड्याला बदलत होते, म्हणून कुणाला दिसत नव्हतं." तिने वाकून एक कुंडी उपसली आणि पुढे केली. बाईंनी वास घेतला आणि चटकन मान मागे घेतली.

टाकी तपासली, तर तिचा तळ गंजून गेला होता. दोन दिवसांत पंपघर बंद झालं. तिथली तीस माणसं घरी बसली. ताई पाण्याला गेली, की नळावरच्या बायका आपल्या बादल्या बाजूला ओढून घेऊ लागल्या. साहेबांनी तिला कामावरून काढलं नाही. पाचोळा झाडायला लावलं. शेडला दुसरं कुलूप लागलं आणि आतली शंभर रोपं पाण्यावाचून वाळून गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी भावाच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला. फुप्फुसं पुन्हा पहिल्यासारखी व्हायची नाहीत, म्हणाले. जपलं तर चालेल. जरा आधी यायला हवं होतं.

भाऊ शर्टाची बटणं लावत होता. ताईने हळूच विचारलं, "दोन महिने आधी?"

"तेवढ्यानेही फरक पडला असता," डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी तिने त्याला कुंड्यांचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"तुला तरी कुठे माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"होतं," ताई म्हणाली. "चार रोपं मेली तेव्हाच कळलं होतं."

तो कूस बदलून पडून राहिला. दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कपडे करून दाराशी उभा राहिला. "येतेस ना? आज दाखवायचंय."

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. पूर्वी तो पुढे असायचा आणि ताई, अरे हळू, म्हणत मागे. आता कोपऱ्यावरच्या घराशी पोचेपर्यंत त्याचे खांदे वर-खाली होऊ लागले. थांबू या, असं तो म्हणणार नव्हता. येणारे-जाणारे बघत होते.

ताई थांबली. वाकली आणि चपलेचा अंगठा चाचपू लागली. अंगठा धड होता. तिने तो ओढून बघितला, सारखा केला, पुन्हा ओढला. वर त्याचा श्वास हळूहळू खाली बसत होता. तो बसेपर्यंत ती वाकलेलीच राहिली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," ती म्हणाली, आणि दोघं पुढच्या कोपऱ्याकडे निघाली.