हंसाबेनची ठकठक

हंसाबेनच्या नावाने मी रोज बोटं मोडायचे. त्या पहिल्या मजल्यावर, आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. एक्क्याण्णव साली कुर्ला सोडून आम्ही भाईंदरला आलो. केबिन रोडच्या मागे नवी बिल्डिंग, अर्धी रिकामीच. माझी निशिगंधा तेव्हा तीन वर्षांची. चालणं तिला ठाऊकच नव्हतं. पळायचं, नाहीतर उड्या मारायच्या. ती नाचायला लागली की खालून जळमटं काढायच्या झाडूचा दांडा छताला बसायचा. ठकठक! म्हणजे पोरीला गप्प करा. आणि आमची कार्टी? जिथे ठकठक वाजेल तिथे धावत जाऊन धप्पकन उडी मारायची, वर खिदळायची. तिच्या लेखी तो खेळच.

"तुमारी बेबी सामने जवाब देती है!" हंसाबेन मला जिन्यात गाठून म्हणायच्या.

मी काय कमी होते? "मग वरचं घर घ्यायचं होतं," असं ऐकवून मोकळी व्हायचे.

त्या दिवशी सकाळपासून दोनदा ठकठक झाली होती. माझं डोकं फिरलं. निशीच्या पाठीत एक धपाटा घातला, दूध गॅसवर ठेवलं आणि कचऱ्याचा डबा ठेवायला दाराबाहेर गेले. खाडीकडचा वारा आला आणि दार धाडकन बंद झालं. लॅचचं कुलूप. किल्ली आत, पोर आत, दूध गॅसवर.

"निशी! ए निशी!" मी दार बडवायला लागले. आतून हूं नाही की चूं नाही. नुकताच मार खाल्लेला, त्यात मी अशी किंचाळतेय. ती कसली पुढे येते! आमचे हे ऑफिसला गेलेले, शेजारचे दोन्ही ब्लॉक रिकामे. दूध उतू जाऊन गॅस विझला तर? पोरीने शेगडीला हात घातला तर?

एवढ्यात गुडघे धरत हंसाबेन वर आल्या. "पहले चिल्लाना बंद करो, वैजयंता. बच्ची किचन में है. ओटे के नीचे."

"तुम्हाला काय माहीत?"

"दिनभर मेरे सिर पे कौन नाचती है? हॉल से भागी, किचन में गयी, कोने में बैठ गयी. फिर पैर नहीं बजा." किल्ली कुठे आहे ते त्यांनी विचारलं. दाराजवळच्या खुर्चीवर, म्हटलं. "तुम इधर ही बैठो. प्यार से बोलना," असं बजावून त्या खाली गेल्या.

मी दाराला कान लावून बसले. किचनच्या बाजूला ठकठक वाजली. काही नाही. पुन्हा ठकठक. मार गं बाई, मार उडी, मी मनात हात जोडत होते.

धप्प!

ठकठक पुढे सरकली. धप्प! मग हॉलमध्ये. धप्प, आणि पाठोपाठ हसणं. शेवटी ठकठक अगदी दाराशी आली, आणि निशीसुद्धा. तिचं धापा टाकणं मला ऐकू येत होतं.

"निशू, खुर्चीवरची किल्ली दाराखालून दे ना, राणी."

"मारणार नाहीस?"

"नाही गं माझी बाय."

दार खालून दोन बोटं आखूड होतं. त्यावरून मी बिल्डरला रोज शिव्या घालायचे. त्याच फटीतून किल्ली बाहेर आली.

आत दूध ओट्यावर सांडलेलं, ज्योत विझलेली, गॅसचा भपकारा. मी बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या आणि पोरीला कडेवर घेऊन तडक खाली गेले. हंसाबेन झाडू धरून जमिनीवर बसल्या होत्या, केसांत छताचा चुना. दूध, गॅस, सगळं सांगत त्यांच्या गळ्यात पडून मी ढसाढसा रडले.

"बस बस. दूध गया ना? मेरे यहाँ से ले जाओ," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी मी हॉलभर गोधड्या अंथरल्या. या बाईला आता त्रास द्यायचा नाही, असं ठरवलं होतं. निशीला पाटी-पेन्सिल देऊन एका जागी बसवलं. दुपार झाली. घरात चिडीचूप.

खालून ठकठक झाली.

मी चमकले. पोर तर हललीही नव्हती! थोड्या वेळाने पुन्हा ठकठक, जरा घाईची. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाय वाजत नव्हते म्हणून खाली त्यांचा जीव वरखाली होत होता.

निशी माझ्याकडे बघत होती. "आजी विचारतायत, सगळं ठीक आहे ना," मी म्हटलं. गोधडी बाजूला सारली, पदर खोचला आणि तिचा हात धरून मीही उडी मारली.