बंदुकीची आंघोळ

लोखंडाचं आणि पाण्याचं साता जन्मांचं वैर, हे बाबाजीला कळत्या वयापासून पाठ होतं. त्यामुळे आखातात, अजमानच्या घराच्या अंगणात मालकाने, हमीद अरबाबाने, स्वतःच्या आजोबांची बंदूक उघडून त्याच्या हातात उकळत्या पाण्याची किटली दिली, तेव्हा तो हादरलाच.

"अरबाब, पानी? जंग लगेगा!"

"यल्ला, डालो."

अरबाबाच्या नातवाच्या लग्नात सकाळीच या बंदुकीने काळ्या बारुदीचे बार काढले होते. म्हाताऱ्याचे हात आता थरथरत, म्हणून तिला साफ करायचं काम त्याच्या ड्रायव्हरवर, बाबाजीवर आलेलं. पिढीजात बंदूक गंजली तर खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार आणि नोकरी खलास.

शिवाय त्याने हे घरी पाहिलं होतं. मालवणजवळच्या त्यांच्या वाडीत डुकरं हाकायला ठासणीची बंदूक होती. वडील तिला खोबरेल तेल चोळायचे, पाण्याचा थेंब लागू द्यायचे नाहीत. एकदा आईने ती भांड्यासारखी कढत पाण्याने धुतली. त्याच पावसाळ्यात नळी कामातून गेली आणि 'बंदूक बुडवणारी' हे नाव आईला जन्माचं चिकटलं.

देवाचं नाव घेऊन बाबाजीने धार सोडली. नळीच्या दुसऱ्या टोकातून सडक्या अंड्यांच्या वासाचं काळंकुट्ट पाणी बादलीत पडलं. मग करडं, मग अगदी नितळ. नळी एवढी तापली की उरलासुरला ओलावा आपोआप उडून गेला. मग कोरडी चिंधी, मग तेल.

"देखो," अरबाब म्हणाला.

बाबाजीने डोळा लावला. शंभर वर्षांची नळी आतून टोकापर्यंत लखलखत होती. असं काही त्याने देवळातही पाहिलं नव्हतं.

"बारूद का मैल नमक है, बाबाजी. ऊपर तेल लगाओ, नीचे नमक लोहा खाता है. पानी से ही जाता है."

सकाळच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या चिंचेने घासता घासता बाबाजीचा हात थांबला. म्हणजे घरची नळी तेलाखाली मिठाने आधीच खाल्ली होती. आईने बरोबरच केलं होतं, फक्त फार उशिरा.

शुक्रवारी त्याने बूथवरून वाडीतल्या दुकानात फोन लावून आईला बोलावून घेतलं.

"आये, तुझा कायव चुकला नव्हता. बंदूक पाण्यानच धुवूची असता."

"थांब," आई म्हणाली, "बापाशीक बोलावतंय. ह्यां त्याका सांग."