खाली न बघता

कडक परीक्षक म्हणून मी बदनाम आहे आणि मला त्याचा अभिमान होता. इआयदो म्हणजे जपानी पद्धतीने तलवार उपसायची, वार करायचा आणि ती पुन्हा म्यान करायची. उपसणं कुणालाही जमतं. खरी परीक्षा म्यान करताना, कारण तेव्हा खाली बघायचं नसतं. डाव्या मुठीत म्यानाचं तोंड धरायचं, अंगठा आणि तर्जनीमधून पातं सरकवायचं आणि टोक नुसत्या स्पर्शाने आत उतरवायचं.

ऑस्ट्रेलियात, डार्विनमधल्या आमच्या वर्गात वसईचे मार्शल अंकल खाली बघायचे. महिन्यापूर्वी मी त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं, की या एका खोडीपायी तुम्ही नापास होणार.

आज परीक्षेआधी ते स्टीलच्या पेल्यातला चहा डाव्या हातात धरून गप्पा मारत होते. पेला मी घेतला आणि माझी बोटं भाजली. ते हसले. डायबेटिसमुळे हा हात वर्षभर बधिर आहे म्हणाले.

"म्हणून तर बघायचो गं. तू बजावलंस, मग सोडलं."

मी काही बोलायच्या आत त्यांचं नाव पुकारलं गेलं. पाचव्या दानच्या, म्हणजे पाचव्या श्रेणीच्या, परीक्षेला आमच्याकडे तलवार धारदार लागते.

पाच प्रकार, म्हणजे पाचदा म्यान. टेबलाशी आम्ही तिघे परीक्षक. पहिल्यांदा त्यांची नजर हलली नाही. दुसऱ्यांदाही नाही. शेजारचा क्लाइव्ह कौतुकाने मान डोलवत होता आणि मी देवाला विनवत होते, यांच्या हातून चूक होऊ दे, एकदा तरी खाली बघू दे. मध्येच थांबवलं तर ते नापास. ही त्यांची तिसरी खेप, वय सत्तरीला टेकलेलं. आणि माझी शंका खोटी ठरली तर? चौथ्यांदा पातं अडखळलं. मी गप्प बसले. घाबरले होते, दुसरं काही नाही.

पाचव्यांदा टोक म्यानात गेलंच नाही. ते अंगठ्याच्या बेचक्यात टेकलं होतं आणि अंकल समोर बघत, शांतपणे, उजवा हात रेटत होते.

"थांबा," मी मराठीतच ओरडले.

ते थांबले. नजर समोरच.

"काय चुकलं?"

"खाली बघा, अंकल."

"बघितलं की नापास ना?"

"हो. बघा."

त्यांनी बघितलं. मुठीखालचा काळा कपडा गुडघ्यापर्यंत रक्ताने भिजला होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कधीपासून, सरिता?"

चौथ्यापासून, हे मला सांगता आलं नाही.