चाळिसाव्या पानापर्यंतचं इंग्रजी

मुकादमांना अक्कल नव्हती असं म्हणणं बरोबर नाही. होती, पण ती त्यांनी तीन आठवडे एका पुस्तकाकडे गहाण ठेवली होती, हे आता ते स्वतःच चारचौघांत कबूल करतात.

इस्पितळाच्या लाँड्रीचे ते बावीस वर्षं मुकादम. लाँड्रीला लागून शिवणखोली, तिथे तीन बायका फाटक्या चादरी दुरुस्त करत. त्यांतली सगळ्यांत थोरली म्हणजे मुकादमांच्या वारलेल्या भावाची बायको, त्यांची वहिनी. नव्या डायरेक्टर बाई परमुलखातून आलेल्या, इंग्रजीशिवाय त्यांना काही कळत नसे. त्यांनी ठरवलं, यापुढे वापरून फेकायच्या चादरी आणायच्या आणि शिवणखोली बंद करायची. मीटिंगमध्ये बाजू मांडायला मुकादमांना दहा मिनिटं मिळणार होती.

"भावजी, माझी दोनच वर्षं राहिलीत," वहिनी म्हणाल्या. "तेवढी भरली नाहीत तर पेन्शन गेली. जरा नीट बोला."

"वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा. असं इंग्रजी झाडतो, की बाई तोंडात बोट घालतील!"

झालं. वादविवादाच्या उच्च इंग्रजीचं जाडजूड पुस्तक घरी आलं. त्यातली रीत अशी, की आधी समोरच्याचं मोठ्या मनाने मान्य करायचं आणि मग ते खोडून काढायचं. पहिली चाळीस पानं मान्य करायच्या शब्दांची, पुढची खोडायच्या. आता पानं चाळून दोन्हीकडचं थोडं थोडं घ्यावं की नाही? पण मुकादमांची शिस्त लाँड्रीची. पहिला घाणा निघाल्याशिवाय दुसरा आत टाकायचा नाही! इस्त्रीच्या मशीनवर चिठ्ठ्या लागल्या. अ‍ॅडमिटेडली, म्हणजे मान्यच आहे. अनडिनायबली, म्हणजे नाकारणार कसं? आय रेडिली कन्सीड, म्हणजे मी आनंदाने कबूल करतो. दाढी करताना ते हेच शब्द आरशावर खेकसत, तेव्हा बायको म्हणाली, "त्या आरशाने तुमचं काय घोडं मारलंय?"

चाळीस पानं तोंडपाठ झाली आणि मीटिंगचा दिवस उजाडला.

बाई म्हणाल्या, नव्या चादरी जास्त स्वच्छ. मुकादम ताडकन उठले, "अ‍ॅडमिटेडली!" बाई म्हणाल्या, वेळ वाचेल. "अनडिनायबली!" बाई म्हणाल्या, शिवणखोलीची जागा गोदामाला मिळेल. "आय रेडिली कन्सीड!" सगळे माना डोलवायला लागले. तशी मुकादमांना आणखीच चेव चढला. बाईंनी अजून न मांडलेले दोन मुद्देही त्यांनी आपण होऊन कबूल करून टाकले. मग खोडून काढायला म्हणून तोंड उघडलं, तर आत शुकशुकाट. चाळीस पानं संपली होती.

"थँक यू," म्हणून ते खाली बसले.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. इतका समंजस माणूस त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. त्या तिघींना द्यायचं नोकरी संपल्याचं पत्रही आता मुकादमांनीच लिहावं, अशाच गोड इंग्रजीत, चार वाजेपर्यंत.

वहिनी शिवणाच्या मशीनवर होत्या. मुकादमांनी खालमानेने सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या नोकरीवर तुम्ही पाणी सोडून आलात?"

"शब्द फार सुंदर होते, वहिनी."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मुकादमांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवड्यांत त्यांनी वहिनींसाठी एकही काम केलं नव्हतं, नुसती आपली हौस भागवली होती.

थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, "आणा ते पुस्तक. पुढच्या पानावर काय आहे?"

मुकादमांनी एक्केचाळिसावं पान उघडलं. सगळ्यांत वर छापलं होतं, बट.

"म्हणजे काय?"

"पण."

"एवढंच?" वहिनी बघतच राहिल्या. "अहो, 'पण' तर तुम्ही तीस वर्षं घरात म्हणताय! कुणाचं बोलणं धड पुरं होऊ दिलंय का कधी?"

मग त्यांनी मशीनवरची चादर उचलली. मधोमध विरलेली चादर उभी कापायची, धड राहिलेल्या दोन्ही कडा मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेला भाग कडेला दुमडायचा, हे त्यांचं रोजचं काम. शेवटची शिवण मारून त्यांनी दोरा तोडला. "चला," म्हणाल्या.

चार वाजता बाईंनी पत्रासाठी हात पुढे केला. मुकादमांनी टेबलावर चादर पसरली.

"बट," ते म्हणाले.

पुढे पुस्तकातलं काही आलं नाही. शाळेतलं मोडकंतोडकं होतं तेच आलं. धिस शीट, नाइन इयर्स. मिडल फिनिश. साइड गुड. धिस लेडी कट, धिस लेडी जॉइन. नाउ टू इयर्स मोअर.

आणि वहिनींकडे हात करून म्हणाले, "शी ऑल्सो. ओन्ली टू इयर्स."

"अँड द लेटर?" बाईंनी विचारलं.

"नो लेटर."

चादरीवरून हात फिरवत बाई जोड कुठे आहे ते शोधत राहिल्या. मग त्यांनी बाजूची खुर्ची पुढे ओढली. मुकादम बसायला वाकले, तर बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं आणि वहिनींना बसायची खूण केली.